आयर्लंड धगधगत होतं, मग वेल्स गप्प का?

प्रश्न असा आला आहे: “व्हिक्टोरिया राणीच्या शेवटच्या तीस वर्षांत आयर्लंडमध्ये होमरूलसाठी रान पेटलं होतं. समुद्राच्या अलीकडच्या वेल्सची भाषाही वेगळी, पंथही वेगळा आणि जमीनदाराशी भांडणही तसंच. तरी वेल्सने स्वतःचं राज्य मागितल्याचं फारसं वाचायला मिळत नाही. तिथे सार्वजनिक जीवन असं काही होतं की नाही?”

बावीस वर्षं एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटनचा इतिहास शिकवतो आहे, आणि हा प्रश्न मला दर एक-दोन वर्षांनी कुणीतरी विचारतंच. विचारणाऱ्याची चूक नसते. आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकात ब्रिटन म्हणजे इंग्लंड, आणि फार तर आयर्लंडची तक्रार. वेल्स त्यात कुठेच नसतं. सरळ उत्तर द्यायचं तर तिथे सार्वजनिक जीवन होतं, भरपूर होतं, आणि त्या काळाच्या मानाने फार खालपर्यंत पोचलेलं होतं. पण ते लंडनच्या पार्लमेंटात शोधायला गेलात तर हाती थोडंच लागेल. आधी चॅपलमध्ये, म्हणजे सरकारी चर्चबाहेरच्या पंथांच्या प्रार्थनाघरात, शिरावं लागेल.

कारण साधं आहे. वेल्सकडे राज्य म्हणून काहीच नव्हतं. आठव्या हेन्रीच्या काळात, १५३६ आणि १५४३ च्या कायद्यांनी हा देश इंग्लंडच्या कारभारात पुरता मिसळून टाकला. राजधानी नाही, वेगळं कायदेमंडळ नाही, १८७२ पर्यंत युनिव्हर्सिटीच्या दर्जाचं धर्मनिरपेक्ष कॉलेजही नाही. सरकारमान्य चर्च होतं ते इंग्लंडचं, आणि १८५१ च्या धार्मिक जनगणनेत दिसलं की प्रार्थनेला गेलेल्यांपैकी सुमारे ८० टक्के लोक त्या चर्चमध्ये नव्हे, तर मेथडिस्ट, बॅप्टिस्ट, इंडिपेंडंट अशा पंथांच्या चॅपलमध्ये बसले होते. म्हणजे सरकारी देवळं ओस आणि लोकांनी पदरमोड करून बांधलेली भरलेली, अशी स्थिती.

आता हे चॅपल चालायचं कसं, ते नीट बघायला हवं, कारण सगळी गोम तिथे आहे. धर्मगुरू वरून नेमून येत नसे. बहुतेक पंथांत मंडळी त्याला ‘बोलावणं’ पाठवत, त्याचं प्रवचन ऐकून, पसंत पडला तर. व्यासपीठाच्या पुढ्यात ‘सेट वाउर’ म्हणजे मोठं बाक असे. त्यावर डीकन, म्हणजे चॅपलचा कारभार पाहणारे लोक, बसत, आणि हे डीकन सभासदांनी निवडलेले असत. त्यात किराणा दुकानदार असे, शिंपी असे, खाणीतला कामगार असे. वर्षअखेरीला छापील अहवाल निघे आणि त्यात कुणी किती वर्गणी दिली ते नावानिशी असे. अशा अहवालांची चळत हातात घेऊन पानं उलटताना मला दर वेळी एकच गोष्ट जाणवते: ज्या माणसाला पार्लमेंटसाठी मत नव्हतं, तो माणूस दर वर्षी हिशेब तपासत होता, माणसं निवडत होता, सभेत उभा राहून बोलत होता. रविवारची शाळा फक्त मुलांची नव्हती, मोठी माणसंही तिथे वेल्श वाचायला शिकत आणि बायबलच्या ओळीवर वाद घालत. आठवड्याच्या मधल्या संध्याकाळी वादसभा, दारूबंदीच्या सभा आणि पेनी रीडिंग, म्हणजे एक पेनी प्रवेश देऊन वाचन-गायनाचा कार्यक्रम. चार आवाजांत गाणं लोक टॉनिक सोल-फा या अक्षरांच्या सोप्या लिपीतून शिकत, त्यामुळे पियानो परवडत नसलेली खाणकामगाराची पोरंही हँडेलच्या रचना गात. १८७२ आणि १८७३ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये ‘काराडोग’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लोहाराने दक्षिण वेल्सच्या शेकडो गायकांचा चमू नेला आणि दोन्ही वेळा बक्षीस आणलं.

भाषणाची, हिशेबाची, निवडणुकीची, एकत्र गाण्याची तालीम जिथे मिळते तिथून राजकारणही निघणारच. ते निघालं १८६८ साली. त्याआधी एक जखम होती. १८४६ साली सरकारने वेल्समधल्या शिक्षणाची पाहणी करायला तीन तरुण इंग्रज वकील पाठवले; त्यांचा अहवाल १८४७ मध्ये निघाला. वेल्श त्यांना येत नव्हती. त्यांनी शाळांबद्दल जे लिहिलं त्यात बरंच खरं होतं, शाळांची अवस्था वाईटच होती. पण त्याच अहवालात वेल्श भाषा प्रगतीच्या आड येते आणि वेल्श बायका नीतीने सैल असतात असंही लिहिलं गेलं. निळ्या बांधणीतल्या त्या अहवालाला लोकांनी नाव दिलं, ‘निळ्या पुस्तकांचा दगा’. पुढची पन्नास वर्षं वेल्सने जे जे केलं, शाळा काढल्या, कॉलेजं काढली, दारू सोडण्याच्या शपथा घेतल्या, त्यामागे हा अपमान धुऊन काढायची धडपड होती असं मी मानतो. आयर्लंडशी फरक इथूनच पडायला लागतो. आयरिश माणसाच्या मनात दुष्काळ होता. वेल्श माणसाच्या मनात हा अहवाल होता. त्याला सिद्ध करायचं होतं की आम्हीही तुमच्याइतकेच लायक आहोत. लायकी सिद्ध करायची असेल तर ब्रिटन नावाच्या घराबाहेर पडून चालत नाही.

१८६७ च्या कायद्याने शहरांतल्या कामगारांना मत मिळालं आणि पुढच्याच वर्षी मर्थर टिडफिलमधून हेन्री रिचर्ड निवडून आला. हा स्वतः चॅपलचा माणूस, धर्मगुरू राहिलेला, शांतता चळवळीचा चिटणीस. मत तेव्हा सगळीकडे उघडच द्यावं लागे, पण ग्रामीण भागात त्याचा फटका बसला. कार्डिगनशर आणि कार्मार्थनशरमध्ये जमीनदाराच्या मर्जीविरुद्ध लिबरल उमेदवाराला मत दिलं म्हणून डझनावारी कुळांना जमिनीवरून हाकललं गेलं. त्यांच्यासाठी देशभर निधी जमला, पार्लमेंटात प्रश्न गेला, आणि १८७२ साली गुप्त मतदानाचा कायदा झाला त्यामागे या हाकललेल्या कुळांचाही वाटा आहे. १८८४ साली खेड्यातल्या मजुराला आणि शहराबाहेरच्या खाणकामगाराला मत मिळालं. १८९२ च्या निवडणुकीत वेल्सच्या ३४ जागांपैकी ३१ लिबरलांकडे गेल्या. आणि १८८९ साली पहिल्यांदा काउंटी कौन्सिलं निवडली गेली तेव्हा पिढ्यान् पिढ्या न्यायदान आणि कारभार करणारे जमीनदार बाजूला पडले आणि चॅपलच्या मोठ्या बाकावरचे लोक खुर्चीत बसले. माझ्या मते वेल्सची खरी क्रांती हीच.

शिक्षणाची गोष्ट मी थोडी लांबवणार आहे, कारण मला ती सगळ्यात जवळची वाटते. ॲबरिस्टविथच्या समुद्रकिनाऱ्यावर एका रेल्वे ठेकेदाराने मोठं हॉटेल बांधायला घेतलं आणि तो बुडाला. ती अर्धवट इमारत १०,००० पौंडांना विकत घेतली गेली आणि १८७२ साली तिथे २६ विद्यार्थ्यांवर कॉलेज सुरू झालं. सरकारने पैसा दिला नाही. तेव्हा सर ह्यू ओवेन आणि मंडळींनी चॅपलांकडे हात पसरला. ऑक्टोबर १८७५ चा शेवटचा रविवार ‘युनिव्हर्सिटीचा रविवार’ म्हणून पाळला गेला आणि चॅपलांतून ३,००० पौंडांहून जास्त रक्कम गोळा झाली. देणारे होते सुमारे ७०,००० लोक. सरासरी काढून पाहा, माणशी एक शिलिंगसुद्धा पडत नाही. इमारतीला १८८५ साली आग लागली, तरी कॉलेज टिकलं. तोवर कार्डिफला १८८३ मध्ये आणि बँगोरला १८८४ मध्ये कॉलेजं निघाली होती. बँगोरसाठी पाटीच्या दगडाच्या खाणीतल्या कामगारांनी मजुरीतून वर्गणी दिली. १८८९ च्या माध्यमिक शिक्षणाच्या कायद्याने काउंटी शाळांचं जाळं उभं राहिलं. त्यासाठी स्थानिक करात पौंडामागे अर्धा पेनी बसवला आणि तेवढीच भर सरकारी खजिन्याने घातली. इंग्लंडला अशी व्यवस्था १९०२ च्या कायद्यापर्यंत मिळाली नाही. १८९३ साली तिन्ही कॉलेजं मिळून वेल्स युनिव्हर्सिटी झाली, आणि तिच्या सनदेत बायकांना पुरुषांच्या बरोबरीने सगळ्या पदव्या खुल्या केल्या होत्या. ऑक्सफर्डने ते केलं १९२० साली, केंब्रिजने १९४८ साली.

पण गप्प नव्हतं म्हणजे सभ्यच होतं असंही नाही. १८८० च्या दशकात धान्याचे आणि गुरांचे भाव कोसळले. शेतकऱ्याला मात्र दशमांश कर इंग्लंडच्या चर्चला द्यावाच लागे, आणि तो स्वतः त्या चर्चची पायरी चढत नव्हता. डेनबीशरच्या शेतकऱ्यांनी सूट मागितली, पाद्र्यांनी नाकारली, मग गुरं जप्त करायला माणसं येऊ लागली. लान्गूम आणि मोख्द्रे इथे १८८७ साली लिलावाच्या वेळी जमाव जमला, शिंगं फुंकली गेली, अंडी आणि धोंडे उडाले, पोलिसांच्या लाठ्या चालल्या, सैन्य बोलवावं लागलं. यामागचा आवाज होता डेनबीचा छापखानदार थॉमस जी. तो ‘बानेर’ हे वेल्श वृत्तपत्र चालवायचा, स्वतः चॅपलमध्ये प्रवचनं द्यायचा, आणि वेल्श भाषेतला दहा खंडांचा ज्ञानकोश त्यानेच छापला होता. १८९१ साली कायदा बदलला आणि दशमांश भरायची जबाबदारी कुळावरून मालकावर गेली. आगीतली धग ओसरली. इंग्रज राज्यकर्त्यांची ही हातोटी वेल्समध्ये पुनःपुन्हा दिसते: तक्रार पूर्ण भागवायची नाही, पण भडका उडण्याआधी थोडं द्यायचं.

याच काळातला एक खटला सांगायलाच हवा. लानव्रोथेन गावात १८८८ साली एक म्हातारा खाणकामगार वारला. त्याला मुलीशेजारी, चर्चच्या स्मशानात, पण आपल्या पंथाच्या विधीने पुरलं जायचं होतं. १८८० च्या कायद्याने तो हक्क दिला होता. तिथल्या धर्मगुरूने जमिनीच्या कागदावर बोट ठेवून नकार दिला. गावातल्यांनी पंचवीस वर्षांच्या एका वकिलाचा सल्ला घेतला. तो म्हणाला, फाटकाला कुलूप असेल तर तोडून आत जा. लोक गेले, दफन झालं, खटला झाला आणि वरच्या कोर्टात गावकरी जिंकले. तो वकील म्हणजे डेव्हिड लॉइड जॉर्ज. दीड वर्षात, एप्रिल १८९० मध्ये, तो कायर्नार्वनमधून पोटनिवडणूक लढला आणि १८ मतांनी जिंकला. पुढे ब्रिटनचा पंतप्रधान झाला.

आता होमरूल. मागणी झालीच नाही हे बरोबर नाही. १८८६ साली लंडनमधल्या वेल्श तरुणांनी ‘कम्री वीद’ ही संघटना काढली. नावाचा अर्थ ‘उद्याचं वेल्स’. तिचा चेहरा होता टॉम एलिस, उत्तर वेल्समधल्या बाला गावाजवळच्या शेतकऱ्याचा मुलगा, ॲबरिस्टविथ आणि ऑक्सफर्डला शिकलेला. १८९० साली बालाच्या सभेत त्याने वेल्ससाठी कायदेमंडळ उघडपणे मागितलं. पण १८९२ मध्ये तो सरकारी पक्षाचा प्रतोद झाला आणि चळवळीतला त्याचा आवाज मवाळ झाला. काही त्याला दोष देतात. मी देत नाही, कारण चर्चचा सरकारी दर्जा काढून घेणं आणि जमिनीची चौकशी ही कामं सरकारात राहूनच पुढे सरकतील असा त्याचा हिशेब होता, आणि तो अगदीच खोटा नव्हता. १८९९ साली, अवघ्या चाळीस वर्षांचा असताना, तो गेला. त्याआधीच, एलिस सरकारात असताना, लॉइड जॉर्जने उत्तर आणि दक्षिण वेल्सच्या लिबरल संघटना ‘कम्री वीद’मध्ये मिसळायचा घाट घातला होता. जानेवारी १८९६ मध्ये न्यूपोर्टच्या सभेत तो घाट मोडला. लॉइड जॉर्जला धड बोलूही दिलं नाही. कार्डिफचे एक पुढारी, रॉबर्ट बर्ड, यांनी सांगितलं की स्वान्सीपासून न्यूपोर्टपर्यंत राहणारे हजारो इंग्रज वेल्श विचारांचं वर्चस्व कधीच मान्य करणार नाहीत. त्या सभेनंतर ही चळवळ उठलीच नाही.

इथे कोळसा समजून घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. दक्षिण वेल्समधल्या ऱ्होंडाच्या खोऱ्यात १८५१ साली हजारभर माणसं होती. १९०१ साली १,१३,००० हून जास्त. वेल्सची लोकसंख्या याच पन्नास वर्षांत सुमारे ११ लाख ६० हजारांवरून २० लाखांवर गेली. वेल्सचा वाफेचा कोळसा जगातल्या बोटींना हवा होता, मुंबई बंदरातसुद्धा तोच उतरे. आयरिश शेतकऱ्याच्या मुलाला गाव सुटलं की बोस्टन किंवा न्यूयॉर्क गाठावं लागे. वेल्श शेतकऱ्याचा मुलगा दोन दिवसांच्या वाटेवर ऱ्होंडात जाई, तिथे त्याला पगार मिळे, त्याच्याच पंथाचं चॅपल मिळे आणि आजूबाजूला त्याचीच भाषा. जमिनीचा राग असा खाणीत मुरला. आणि म्हणूनच वेल्श भाषा इंग्रजी उद्योगाने मारली, ही सरधोपट समजूत मला पटत नाही. निदान दोन पिढ्या कोळशाने ती जगवली. जनगणनेत भाषेचा प्रश्न पहिल्यांदा विचारला गेला १८९१ साली. तेव्हा वेल्श बोलणारे ५४ टक्के निघाले. १९०१ मध्ये प्रमाण ५० टक्क्यांच्या किंचित खाली गेलं, पण बोलणाऱ्यांची संख्या वाढून ९,२९,००० झाली होती. संख्या वाढत होती आणि टक्का घसरत होता, कारण सॉमरसेट, ग्लॉस्टरशरकडून इंग्रज मजूर त्याच खोऱ्यांत येत होते. न्यूपोर्टच्या सभेत जो आवाज उठला तो यांच्या नावाने.

गळ्यात लाकडी फळी अडकवून वेल्श बोलणाऱ्या मुलाला शिक्षा करत, ही गोष्ट ठाऊक असलेले इथे पुढचा प्रश्न करतात. ती पद्धत होती, पण तो सरकारी हुकूम नव्हता आणि राणीच्या अखेरच्या वर्षांत ती मावळतीला लागली होती. जास्त नुकसान केलं ते १८६२ च्या अनुदानाच्या नियमांनी. मुलांच्या परीक्षेवर शाळेला पैसे मिळत आणि त्या परीक्षेत वेल्शला जागाच नव्हती. कित्येक आईबापांनाही वाटे की पोरगं वेल्श घरी आणि चॅपलमध्ये शिकेलच, शाळेत इंग्रजी यावी. १८८५ साली डॅन आयझॅक डेव्हिस या शाळा निरीक्षकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी शाळेत वेल्शचा उपयोग व्हावा म्हणून संस्था काढली, त्यानंतर हळूहळू दारं किलकिली झाली.

ही चॅपलची शाळा किती मोठी होती तितकीच तिची भिंतही उंच होती. मोठ्या बाकावर बायका नव्हत्या. अपवादाने जी पुढे आली तिचं नाव क्रानोग्वेन. लान्ग्रानोगच्या खलाशाची मुलगी, वडिलांबरोबर जहाजावर राबलेली, मुलांना नौकानयन शिकवणारी. १८६५ साली ॲबरिस्टविथच्या राष्ट्रीय आइस्टेधवोदमध्ये, म्हणजे काव्य-संगीताच्या स्पर्धांच्या मोठ्या मेळाव्यात, तिने त्या काळचे नामवंत पुरुष कवी मागे टाकून बक्षीस मिळवलं. १८७८ पासून अकरा वर्षं तिने बायकांसाठी वेल्श मासिक चालवलं आणि १९०१ साली दक्षिण वेल्सच्या बायकांची दारूबंदी संघटना उभी केली. खोऱ्यात बायकांना मजुरीचं काम जवळजवळ नव्हतं. दिवसातून दोनतीनदा वेगवेगळ्या पाळीच्या माणसांसाठी पाणी तापवणं आणि कोळशाने माखलेले कपडे धुणं, यात आयुष्य जाई. क्रानोग्वेनच्या मासिकाला ज्या बायका पत्रं आणि लेख पाठवत, त्यांच्यापुढे दुसरं व्यासपीठच नव्हतं.

दुसरी भिंत वर्गाची. खाणकामगारांचा पुढारी विल्यम अब्राहम, सगळे त्याला ‘माबोन’ म्हणत, १८८५ पासून ऱ्होंडाचा खासदार. सभा बिथरली की हा धिप्पाड माणूस खड्या आवाजात भजन सुरू करी आणि हजारो लोक त्याच्याबरोबर गाऊ लागत. मालक आणि मजूर दोघे एकाच चॅपलचे, तर मजुरी कोळशाच्या भावाबरोबर वरखाली व्हावी हे त्याला न्याय्य वाटे. १८९८ साली मालकांनी सहा महिने खाणी बंद ठेवल्या, मजूर हरले, आणि त्या हरण्यातूनच दक्षिण वेल्सच्या खाणकामगारांचा महासंघ जन्मला. दोनच वर्षांनी मर्थरने हेन्री रिचर्डच्या जुन्या मतदारसंघातून कामगारांचा उमेदवार केअर हार्डी याला निवडून दिलं.

उत्तरेत बेथेस्डाला, लॉर्ड पेन्रिनच्या पाटीच्या खाणीत, नोव्हेंबर १९०० मध्ये सुमारे २,८०० माणसं बाहेर पडली आणि तीन वर्षं आत गेली नाहीत. युनियनचा हक्क हा वाद. काही जण परत कामावर गेले तेव्हा बाकीच्यांनी खिडक्यांत छापील कार्डं लावली: ‘या घरात फितूर नाही.’ चॅपलंही दुभंगली. बेथेस्डाचे गायक-गायिकांचे संच पैसे जमवायला ब्रिटनभर गात फिरले. संपात ते हरले. राणी जानेवारी १९०१ मध्ये वारली तेव्हा ती कार्डं लागायला पाच-सहा महिने बाकी होते. मी स्वतः तिथे व्हिक्टोरियन वेल्सचा शेवट मानतो, कारण एक भाषा, एक पंथ म्हणजे एक समाज ही समजूत त्या खिडक्यांत मोडली.

तुमच्या मूळ प्रश्नाचा उरलेला तुकडा असा. चर्चचा सरकारी दर्जा गेला १९२० मध्ये. कार्डिफचं राष्ट्रीय संग्रहालय आणि ॲबरिस्टविथचं राष्ट्रीय ग्रंथालय यांना सनद मिळाली १९०७ मध्ये. त्या ग्रंथालयाने जुन्या वेल्श वृत्तपत्रांची लाखो पानं मोफत वाचायला ठेवली आहेत. त्यातली इंग्रजी पत्रं चाळलीत तरी दशमांशाच्या लिलावांची वर्णनं सापडतील. टॉम एलिसने मागितलेलं कायदेमंडळ यायला मात्र १९९९ साल उजाडलं. त्याआधी १९९७ ला लोकांचा कौल घेतला, आणि ‘हो’ म्हणणारे सात हजारांहून कमी मतांनी पुढे राहिले. कार्डिफ आणि न्यूपोर्टने तेव्हाही ‘नाही’ म्हटलं. ऱ्होंडा आणि मर्थरने ‘हो’ म्हटलं.